धानाच्या बांधीतील संशोधक
कृषिसंशोधनात विद्यापीठाने शेतकऱ्याचे साहाय्य घ्यावे, हा उपदेश सरकारी दप्तरांत वारंवार आढळत असला, तरी ते साहाय्य कोणत्या शर्तींवर घ्यावे, हा प्रश्न चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील दादाजी खोब्रागडे यांच्या चरित्राइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे उभा राहतो. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या या अल्पभूधारकाने १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या बांधीत मोजक्या निराळ्या, पिवळसर दाण्यांच्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे राखले, हंगामामागून हंगाम निवडून वाढविले. आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे ‘एचएमटी’ हे नाव धारण करून तो बारीक तांदूळ विदर्भाच्या सीमा ओलांडून गेला. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्धीकरण करून १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ हे वाण प्रसृत केले, आणि श्रेयाचा वाद उत्पन्न झाला. शुद्धीकरण हे शास्त्रीय व आवश्यक कार्य आहे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. परंतु असंख्य लोंब्यांतून नेमकी ती लोंबी ओळखणारी दृष्टी हेही संशोधनच होय, आणि त्याची नोंद वाणाच्या नावाशेजारी असलीच पाहिजे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाच्या नोंदणीचा हक्क दिला आहे. तेव्हा यापुढे बांधीतून बी उचलण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाने त्या शेतकऱ्याशी लेखी करार करावा आणि सहसंशोधक म्हणून त्याचे नाव प्रसिद्ध करावे.