म्हणे, नुसते बीएस्सी!

बारावीचा निकाल लागला की इस्लामपुरात घरोघरी एकच विषय: स्कोप कशाला आहे? सीईटीचे पर्सेंटाइल, कॅपच्या फेऱ्या, साखराळ्याच्या आरआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात कोणती ब्रँच मिळेल याचे अंदाज. ज्याचे जमत नाही, त्याच्याविषयी घरातच आवाज खाली येतो, "आता नुसतं बीएस्सी करणार."

हा शेरा आम्हाला मान्य नाही. बीएस्सीच्या प्रयोगशाळेत पोलॅरिमीटर असतो. नळीत साखरेचे द्रावण भरायचे, डोळा लावायचा आणि ध्रुवित प्रकाश किती अंशांनी वळला ते टिपायचे. बरीच मुले जर्नलपुरता हा प्रयोग उरकतात. पण साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर याच तत्त्वावर मोजतात. अशाच मोजमापांवर साखरेचा हिशेब लागतो, उतारा काढला जातो आणि उताऱ्यावर एफआरपी, म्हणजे उसाची रास्त व किफायतशीर किंमत, ठरते. वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याचे बिल असे कुणा रसायनशास्त्र शिकलेल्याच्या चोख कामाशी जोडलेले आहे. या मुलांना पुढे मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची वाट मोकळी आहे. माती परीक्षण आणि औषध कंपन्या आहेतच.

आईवडिलांची धास्ती आम्ही जाणतो. उसाचे बिल हप्त्याने येते, फी मात्र वेळेवर भरावी लागते. म्हणूनच पोराला न झेपणारी, न आवडणारी ब्रँच कर्ज काढून घेणे अधिक धोक्याचे. एटीकेटीत गेलेली वर्षे कोणतेही पॅकेज भरून देत नाही.

आणि एकदा घेतलेला विषय जन्माला चिकटतो, असेही नाही. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन 1938 साली बी.ए. झाले, मग वकील झाले आणि 1962 साली देशाचे संरक्षणमंत्री. वाचन त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. इस्लामपूरचे आमदार जयंत पाटील व्हीजेटीआयमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकले. अर्थमंत्री म्हणून राज्याचे अर्थसंकल्प त्यांनी मांडले.

नव्या शैक्षणिक धोरणाने आता मेजर-मायनरची निवड मुलांपुढे ठेवली आहे. ती शेजाऱ्याच्या पोराकडे बघून होऊ नये. इथल्या महाविद्यालयांनी प्रवेशाच्या आठवड्यात आपल्या प्रयोगशाळा आणि ग्रंथालये मुलांना, पालकांना खुली करावीत. विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी तिथे स्वतः उभे राहावे. आणि फॉर्म भरण्याआधी तासभर तरी मुलीला, मुलाला प्रयोगशाळेतल्या टेबलाशी उभे राहू द्यावे.