दुखण्याला शब्द कोणाचा?

हैदराबाद १९५६ पर्यंत मराठवाड्याचीही राजधानी होती, आणि आमच्या सीमाभागातील माणूस पोटापाण्यासाठी आजही त्याच वाटेने जातो. तेथील कारखान्यांत आणि बांधकामांवर त्याच्या हाडास्नायूंची कामामुळे किती झीज होते, हे जाणण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्रश्नावली. १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली शरीराच्या नऊ भागांविषयी विचारते: गेल्या बारा महिन्यांत आणि गेल्या सात दिवसांत तेथे काही त्रास झाला काय?

प्रश्न साधा, पण भाषांतर मुळीच साधे नाही. मलय भाषेत ‘साकित’ हा एकच शब्द आजारालाही चालतो आणि वेदनेलाही. तेथील अभ्यासकांना तो जपून वापरावा लागतो. आपली अडचण उलट आहे. आपल्याकडे अंग दुखते, ठणकते, आखडते, कळ येते, उसण भरते, मुंग्या येतात. इंग्रजी ‘डिस्कम्फर्ट’साठी मात्र कोशातून ‘अस्वस्थता’ उचलली जाते. घमेले वाहणाऱ्या बाईला ‘मानेत अस्वस्थता जाणवते का?’ असे विचारले, तर ती ‘नाही’ म्हणेल. तिच्या लेखी अस्वस्थ होते ते मन. मान अवघडते. तिचा नकार मग ‘निरोगी’ म्हणून नोंदला जातो. ‘पाय’ म्हणजे मांडीपासून पावलापर्यंत सारे, म्हणून घोटा वेगळा विचारावा लागतो. आणि ‘नितंब’ शब्द छापण्यापेक्षा ‘खुबा’ विचारलेला बरा.

उलट-भाषांतराची प्रचलित कसोटी येथे फसते. ‘अस्वस्थता’ पुन्हा इंग्रजीत नेली की निमूटपणे ‘डिस्कम्फर्ट’च होते. चूक स्वतःलाच प्रमाणपत्र देते!

याच हैदराबादेत १९१७ साली दारुत्तर्जुमा स्थापन होऊन उस्मानिया विद्यापीठासाठी उर्दू परिभाषा घडवली गेली. परंतु विद्यार्थ्याला परिभाषा शिकवता येते. कामगाराला दुखण्याचा शब्द आधी शिकवून मग प्रश्न विचारता येत नाही.

कायद्याकडूनही येथे फारसा आधार मिळाला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ ने सूचनांसाठी इंग्रजी आणि बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा मागितली. हैदराबादेत मराठी कामगार बहुसंख्य नसतो. तेलुगू फलक लागला की मालकाचे कर्तव्य संपले. फलकापुरते हे एक वेळ सोसता येईल. प्रश्नावलीत मात्र प्रत्येकाचे शरीर वेगळे मोजले जाते, तेथे बहुमताचा संबंध काय?

म्हणून आमची मागणी अशी: हैदराबादेत असे सर्वेक्षण करणाऱ्यांनी मराठी मसुदा प्रथम देगलूर, बिदर, भालकीकडील कामगारांना वाचून दाखवावा, ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे, आणि त्यांनी बदललेला शब्दच छापावा.