कागद तिच्याच हातात असू द्या

आमच्या भागात एखाद्या मुलीचा निकाह अमेरिकेतल्या मुलाशी झाला की, काही दिवसांनी निकाहनामा माझ्याकडे येतो. काझीसाहेबांनी तो उर्दूत भरलेला असतो आणि व्हिसासाठी इंग्रजी अनुवाद हवा असतो. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत होते, व्हिसा लागतो, आणि मिठाई घेऊन आलेली आई हळूच विचारते, "आपा, तिकडे विमानतळावर काय विचारतात हो हिला?" मी सांगायला लागावं तर वडील म्हणतात, "जावई बरोबर आहेत ना, ते बोलतील सगळं."

जावई बरोबर असले तर उत्तमच. पण ते तिथले नागरिक, आपला पासपोर्ट दाखवून ते आत जाणार. प्रश्न असतात ते आपल्या मुलीला. इमिग्रंट व्हिसा तिच्या नावाचा आहे आणि त्यावर शिक्का बसला की त्या क्षणापासून ती तिथली कायम रहिवासी होते. कार्ड नंतर टपालाने घरी येतं. तोपर्यंत पासपोर्टमधला तो शिक्का मारलेला व्हिसाच एक वर्षापर्यंत पुरावा म्हणून चालतो. कार्डासाठीचे २३५ डॉलर निघण्यापूर्वीच ऑनलाइन भरलेले बरे. पैसे भरल्याशिवाय कार्ड छापत नाहीत.

पूर्वी वकिलातीतून एक मोहोरबंद पाकीट मिळायचं. आता बहुतेकांची कागदपत्रं संगणकावरूनच पुढे जातात आणि तशी नोंद व्हिसावर असते. कुणाला पाकीट मिळालंच तर ते फोडायचं नाही आणि मोठ्या बॅगेतही टाकायचं नाही. निकाहनामा, त्याचा अनुवाद, लग्न नोंदणीचा दाखला हे सगळं तिच्या पर्समध्ये हवं. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच असावं. (निकाहानंतर नाव बदललंच पाहिजे असं शरीअत सांगत नाही. आपणच घाई करतो आणि मग चार कागदांवर चार नावं होतात.)

तपासणी होते ती अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर. ह्यूस्टनला जायचं असलं आणि विमान नेवार्कला बदलायचं असलं तर सगळं नेवार्कलाच. बॅगाही तिथेच उचलून पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. अबूधाबीहून थेट अमेरिकेला जाणाऱ्या विमानांचं मात्र वेगळं आहे. तिथे अमेरिकन अधिकारी अबूधाबीतच तपासणी करतात. सामानात खिम्याचे समोसे, हापूस, बियाणं काही नको. मसाले, लोणचं चालतं, पण खाण्याचं काय आणलंय ते विचारल्यावर खरं सांगायचं.

नवरा-बायकोला बहुधा एकाच रांगेतून जाऊ देतात. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून घ्यावं. खिडकीवर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे, डोक्यावरचा स्कार्फ राहिला तरी चालतो. मग बऱ्याचदा बाजूच्या दुसऱ्या खोलीत पाठवतात. आमच्या मुली घाबरतात ते इथे. खरं तर नव्या रहिवाशाचे कागद बऱ्याचदा तिथेच पुरे करतात, त्यात गुन्ह्याचं काही नाही. कधी नवऱ्याला बाहेर थांबायला सांगतात.

माझ्या भाचीला अधिकाऱ्याने विचारलं, "राहणार कुठे?" भाचेजावयांनी पत्ता सांगायला सुरुवात केली, तर त्याने हात करून त्यांना थांबवलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तिला पत्ता पाठ होता, कारण फोनवर मी तो तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतला होता. शिक्षिकेची खोड! निकाह कधी झाला, नवरा काय काम करतो, एवढंच पुढे विचारलं. इंग्रजी अडलं तर दुभाषा मागता येतो. न कळलेल्या प्रश्नाला "येस" म्हणण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आता तारखेचं. त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. व्हिसा मिळताना दोन वर्षं झाली नव्हती पण पोहोचेपर्यंत पूर्ण झाली, तर खिडकीवरच तसं सांगावं, म्हणजे पुढचा व्याप वाचतो. नाहीतर कार्ड संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अर्ज करायचा असतो. ही तारीख तिला स्वतःला माहीत हवी. पासपोर्ट आणि कार्ड "जपून ठेवते" म्हणून सासूबाईंच्या कपाटात गेले तर ते कोणत्याही मुलीला, कितीही चांगल्या घरात, सोयीचं नाही.

आणि संसार बिघडलाच, तलाक झाला किंवा घरात मारहाण होऊ लागली, तर त्या अर्जासाठी नवऱ्याची सही लागतेच असं नाही. तिला एकटीलाही अर्ज करता येतो. पुष्कळ मुली हे माहीत नसल्यामुळे गप्प राहतात. अमेरिकेच्या २००५ च्या एका कायद्यानुसार अशा पत्नींसाठी हक्कांची माहिती देणारी पुस्तिका काढलेली आहे. व्हिसाच्या वेळी ती मिळते आणि बहुतेक घरांत इतर कागदांखाली तशीच पडून राहते. माझ्या भाचीने ती मुंबईच्या विमानतळावर बसून वाचून काढली. तिची झाल्यावर भाचेजावयांनीही मागून घेतली.