शेजारची खाट कुणाची?

मुलामुलींनो, बारावीचा निकाल लागला, की घरोघरी एकच प्रश्न निघतो, 'आता पुढे कुठे?' पण त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. तो म्हणजे, 'राहायचं कुणाबरोबर?' आज त्याच्याबद्दलच बोलू या.

समजा, तुम्ही बोदलकशाचे. तोच आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यातला बोदलकसा! समोर मोठा तलाव, पलीकडे नागझिऱ्याचं जंगल, भोवती धानाची शेती. तिरोड्याला गाडीत बसलात आणि नागपूरला कॉलेजात दाखल झालात. रात्री वसतिगृहाच्या खोलीत तुमची एक खाट आणि शेजारी दुसरी. त्या खाटेवर कोण असावं असं तुम्हाला वाटतं? आपल्याच तालुक्यातला कुणी, की अगदी अनोळखी?

'आपलाच असावा,' असं बहुतेक जण म्हणतील. त्यात चुकीचं काहीच नाही. 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटलं म्हणून जिथे कुणी हसत नाही, तिथे माणूस मोकळं बोलतो. अभ्यासातलं अडलेलंही लाज न वाटता विचारतो. आणि पहिल्या वर्षी अडतं ते अभ्यासापेक्षा या लाजेपायीच जास्त!

ही गोष्ट आपल्याकडे एका राजाला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळली होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. दार सगळ्यांना उघडं होतं, पण थोड्याच दिवसांत तिथे उच्चवर्णीय मुलंच उरली. बाकीच्यांचं पाऊल आत टिकेना. मग महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये मराठा मुलांसाठी बोर्डिंग निघालं. त्यानंतर जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. म्हणून तर कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात. ज्यांच्या घरात आधी कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, अशी कितीतरी मुलं तिथे राहून शिकली.

पण गोष्ट इथे संपत नाही बरं का! कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी राहत होता. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला. परत आल्यावर 'आधी आंघोळ कर,' असं त्याला सांगण्यात आलं. त्याने साफ नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. बघा, जे घर आधारासाठी बांधलं, त्याच्याच भिंती आता आड आल्या!

पुढे हाच विद्यार्थी कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून ओळखला गेला. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामंही वाटून घेत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. म्हणजे वाट वेगळी, तरी नाव शाहू महाराजांचंच!

अमेरिकेतल्या विद्यापीठांत याच प्रश्नावर आणखी एक उपाय शोधला आहे. तिथे आवडीनुसार वसतिगृहं असतात. कुठे संगीत-नाटकवाले एकत्र, कुठे पर्यावरणवाले, तर कुठे एखादी भाषा शिकणारे. कॉर्नेल विद्यापीठात १९९१ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्कृतीला वाहिलेलं एक घर सुरू झालं. त्याचं नाव 'अग्वेगो'. मोहॉक भाषेत याचा अर्थ 'आपण सगळे'! नावाप्रमाणेच तिथे बाकीच्या समाजांतली मुलंही राहतात. आपली बोली, आपले सण घरात आहेत आणि दारही उघडं आहे. आपल्या गोंड किंवा हलबा मुलांसाठी शहरात असं घर असतं, तर कोण तिथे पाहुणा म्हणून जाणार नाही?

आता आई-बाबांसाठी दोन शब्द. रॅगिंगला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये नियम केले. त्यानुसार पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या भागात ठेवायचं असतं. महाराष्ट्रात तर १९९९ पासूनच रॅगिंगविरुद्ध कायदा आहे. तेव्हा प्रवेश घेताना फी विचारता, तसंच हेही विचारा, 'नवी मुलं कुठे राहतात? रात्री तिथे कोण असतं?' तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा मोफत क्रमांक आहे. तो मुलाच्या वहीत लिहून द्या. मुलीच्याही!

मग शेजारची खाट कुणाची? मला विचाराल तर सांगेन, सुरुवातीला आपल्या माणसाची असली तर उत्तमच. परक्या गावात पाय टेकायला जागा लागतेच. पण वर्षभर त्याच दोघा-चौघांत बसलात, तर नागपुरात राहूनही तुम्ही तिरोड्यातच राहिलात, असं होईल! तेव्हा जेवायला बसताना रोज नाही, तरी आठवड्यातून एकदा अनोळखी मुलाशेजारी ताट ठेवा. तो 'पानी' ऐकून हसला, तर त्याला झाडीबोलीतले आणखी चार शब्द शिकवा. आणि त्याचे चार तुम्ही शिका.

सवय मात्र आतापासूनच हवी. उद्या शाळेत डबा खाताना बघा, तुम्ही रोज कुणाशेजारी बसता? आणि वर्गात असं कोण आहे, ज्याच्या शेजारी कुणीच बसत नाही? उद्या तुमचा डबा तिथे उघडा. काय झालं, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा.