बरा न झालेल्याची साक्ष

श्रीरामपूर तालुक्यांतील हरेगांवीं दरवर्षीं सप्टेंबरांत मतमाउलीची यात्रा भरते. कोणी नवस बोलतो, कोणी फेडतो. त्या श्रद्धेची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आमचा आक्षेप आहे तो आजकालच्या आरोग्यप्रार्थनेच्या सभांवर. तेथें बरा झालेला मनुष्य उभा राहून साक्ष देतो. बरा न झालेला मुकाट्यानें घरीं परततो, आणि वर त्यालाच ऐकावें लागतें कीं, तुझा विश्वास उणा पडला!

हा न्याय कोणता? सुमारें १८०० हृदयरुग्णांवरील अमेरिकेंतील प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. परक्यांनीं केलेल्या प्रार्थनेनें शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव घटल्याचें त्यांत दिसलें नाहीं. पण प्रयोग कशाला? शास्त्रच पुरे. पौलानें तीनदां विनविलें, तरी त्याच्या देहांतील कांटा निघाला नाहीं. गेथशेमानेंत प्रत्यक्ष ख्रिस्ताचा प्याला टळला नाहीं. त्यांचाहि विश्वास उणाच होता काय?

नगर शहरांत मुक्तिफौजेचें बूथ इस्पितळ आहे. तें उभारणारे प्रार्थना करीत नव्हते, असें कोण म्हणेल? प्रार्थना दुःख सोसण्याचें बळ खुशाल देवो; दुःखितालाच आरोपी करण्याचा अधिकार ती कोणासहि देत नाहीं.