विमानाचा पंखा आणि लाकडाची रेघ



या खेपेस भोकरदन तालुक्यातील एका भगिनीने जरा निराळाच प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या नववीत गेलेल्या मुलाला मामाने पुण्याहून जुन्या विमानाच्या प्रतिकृतीचा प्लॅस्टिकचा संच आणून दिला. पोराने सुट्टीत सगळे भाग नीट जोडले. आता नाकावरचा फिरता पंखा तेवढा राहिला आहे. खऱ्या विमानाचा तो पंखा लाकडी होता, म्हणून आपलाही लाकडासारखाच दिसला पाहिजे, असा त्याचा हट्ट आहे. तीनदा रंगवला आणि तीनदा पुसला. घरधनी म्हणतात, "त्यापेक्षा रानातली धसकटे वेच." ताईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत : हा उद्योग चालू द्यावा का, आणि द्यावा तर लाकडाचा रंग साधावा कसा?

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघेल.

पंखा लाकडाचा का?

अमेरिकेतील राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले इंजिनाचे विमान उडविले. हे दोघे भाऊ सायकली बनविणारे. त्यांच्या विमानाचे दोन्ही पंखे लाकडाचे होते आणि प्रत्येकाची लांबी साडेआठ फूट होती. स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाच्या फळ्या एकीवर एक चिकटवून, कुऱ्हाडीने आणि दोन मुठींच्या सुरीने तासून त्यांनी ते घडविले. म्हणजे आपला सुतार वाकसाने जे करतो, तेच काम.

ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची आहे असे समजू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबादजवळ बेगमपेटला शिकाऊ वैमानिकांना 'टायगर मॉथ' नावाच्या दुपंखी विमानावर शिकवीत. त्या विमानाचा पंखा लाकडी असे. तेव्हा आपला जालना भाग हैदराबाद संस्थानातच होता. असे एक जुने टायगर मॉथ दुरुस्त करून भारतीय हवाई दलाने २०१२ साली पुन्हा उडविले. मोठ्या विमानांना पुढे धातूचे पंखे आले, तरी लहान विमानांना लाकडी पंखे आजही बसवितात. फवारणीचा ड्रोन आता कोणाच्या ना कोणाच्या शिवारात दिसतो. त्याचे पंखे प्लॅस्टिकचे किंवा कार्बनच्या धाग्यांचे असतात, पण त्यांचा पीळ पाहा, घडण तीच आहे.

आधी लाकूड पाहा, मग कुंचला धरा

मुलाचा पंखा तीनदा बिघडला, याचे कारण बहुधा रंगात नाही. लाकडाच्या रेघा कोणीकडून कोणीकडे जातात, हे ठाऊक नसले की हात कसाही फिरतो.

लाकडाची ताकद रेघेच्या दिशेने असते. कुऱ्हाडीचा दांडा आडव्या रेघेचा घेतला तर दोन घावांत मोडतो. म्हणून नांगरासाठी आपले सुतार मुळातच बाक असलेले बाभळीचे लाकूड शोधीत. सरळ खोड कापून बाक काढला, तर वळणावर रेघ तुटते आणि तिथेच नांगर दगा देतो. पंख्यालाही हाच न्याय लागतो. फिरताना प्रत्येक पाते बाहेर फेकले जाऊ पाहते, म्हणून रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लांबीनेच गेली पाहिजे. पात्यावर आडव्या रेघा काढल्या, तर कोणताही सुतार हसेल.

दुसरी गोष्ट थरांची. एकसंध ओंडक्याचा पंखा केला तर हवेतील ओल-कोरडीने तो वाकतो, पीळ बदलतो. म्हणून पातळ फळ्या एकीवर एक चिकटवतात. एकीने वाकायचे म्हटले तरी बाकीच्या तिला धरून ठेवतात. अक्रोड, महोगनी, ॲश अशी लाकडे यासाठी वापरली गेली. काही पंख्यांत तर गडद आणि फिकट लाकडाचे थर आलटून पालटून असत.

आता या थरांचे रूप समजून घ्या. पंख्याचे पाते सपाट नसते, त्याला पीळ असतो. मध्याशी पाते जास्त उभे आणि टोकाकडे आडवे होत जाते, कारण एका फेऱ्यात टोकाला मध्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर कापावे लागते. बैलगाडीच्या तुंब्याजवळचा माणूस आणि धावेवरची मुंगी यांच्या फेऱ्यात जो फरक, तोच. असा पीळ तासून काढला की थर तिरके कापले जातात. भाकरींची चवड घ्या आणि सुरीने तिरकी कापा. सरळ कापाला प्रत्येक भाकरीची कड बारीक दिसते, तिरक्या कापाला तीच कड रुंद पट्टा होऊन दिसते. पंख्यावर नेमके असेच होते. मध्यभागी थर जवळजवळ आणि सरळ दिसतात, पात्यावर ते लांब, वळणदार पट्टे होऊन टोकाकडे निमुळते होत जातात. ही वळणे बरोबर आली की निम्मे काम झाले.

खरे लाकूड लावले तर?

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, लाकडाचाच पंखा कोरावा. पण इथे एक गंमत आहे. संच अठ्ठेचाळीसपट लहान असेल, तर राइट बंधूंचा साडेआठ फुटांचा पंखा त्यात दोन इंचांहून जरासाच मोठा होतो. सागाची रेघ मात्र लहान होत नाही. खऱ्या लाकडाचा एवढा लहान पंखा पाहताना रेघ वासराच्या गळ्यात बैलाची घंटा बांधल्यासारखी मोठी दिसते. म्हणून खरे लाकूड खोटे वाटते आणि नीट रंगविलेले प्लॅस्टिक खरे वाटते. सावंतवाडीचे कारागीर लाकडाला आंब्या-पेरूचे रूप देतात, तिथेही कस रंगाचाच लागतो.

त्यावरून नियम असा : रेघ केसाहून बारीक असावी, आणि खालच्या रंगापेक्षा थोडीच गडद असावी. काळीभोर रेघ ओढू नये.

कृती

१. पंखा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. जोडाची कड बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून सपाट करा.

२. पिवळसर, सुक्या गवताच्या रंगाचा अ‍ॅक्रिलिक रंग दोन पातळ हातांत द्या. एक दिवस वाळू द्या. वरचा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये विरघळतो, हा तळाचा रंग विरघळत नाही. म्हणून वरचे काम चुकले तरी तेवढेच पुसता येते.

३. तपकिरी तैलरंगाची लहान नळी आणा. दुकानात 'बर्न्ट सिएना' आणि 'बर्न्ट अंबर' या नावांनी मिळतात; पहिला तांबूस, दुसरा गडद. वाटाण्याएवढा रंग कागदावर काढून ठेवा, म्हणजे जादा तेल कागद शोषून घेतो.

४. झिजलेला, राठ केसांचा कुंचला रंगात बुडवा आणि फडक्यावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा. मग मध्यापासून टोकापर्यंत एका दमात ओढा. मध्ये हात उचलू नका. केसांचे जे ओरखडे उमटतात, त्याच रेघा. हात किंचित थरथरला तरी चालेल. झाडाची रेघही पट्टीने आखलेली नसते.

५. थर दाखवायचे असतील, तर रेघांचा हात आठवडाभर पूर्ण वाळू द्या. मग चिकटपट्टीच्या बारीक, वळणदार फिती कापून एकाआड एक थर झाकून घ्या. फीत आधी तळहाताला दोनदा चिकटवून काढा, म्हणजे तिचा जोर कमी होतो आणि खालचा रंग उपटून येत नाही. उघड्या भागावर अधिक गडद रंगाचा पातळ हात द्या आणि फिती काढा.

६. पुन्हा आठवडाभर वाळू द्या. मग पारदर्शक वॉर्निशात तांबूस रंगाचा एक ठिपका कालवून दोन पातळ हात द्या. लाकडाची ऊब या हाताने येते. वाळताना वर टोपले उपडे घाला, नाही तर वावटळीची सारी धूळ पंख्यावर बसेल. पावसाळी दमट दिवशी लाखेचे पॉलिश लावू नये, ते पांढुरके पडते.

७. गाडीच्या चाकाला जशी लोखंडी धाव, तशी पुष्कळ पंख्यांच्या पुढच्या कडेला पितळी पत्र्याची पट्टी असे. खडे, गवत आणि पावसाचे थेंब यांनी लाकूड झिजू नये म्हणून ती ठोकीत. ती शेवटी पितळी रंगाने काढावी.

पहिला हात पंख्यावर नको. आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे चमचे धुऊन घ्या आणि त्यांवर सराव करा. चमच्याला पात्यासारखाच बाक असतो. दहा चमचे रंगविले की हात बसतो.

हे मात्र सांभाळा

रंग कालवायला कीटकनाशकाची रिकामी बाटली, झाकण किंवा डबा कदापि घेऊ नये. धुतला म्हणून तो निर्विष होत नाही. टर्पेंटाइन चुलीपासून आणि लहान मुलांपासून दूर ठेवावे, खोलीचे दार उघडे असावे. तैलरंगाने व वॉर्निशाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्यांतील जवसाचे तेल वाळताना तापते आणि फडके आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवावीत. कडब्याच्या गंजीजवळ तर मुळीच टाकू नयेत.

आता पहिला प्रश्न

ताई, हा उद्योग चालू द्यावा. धसकटेही वेचावीत आणि पंखाही रंगवावा. सकाळ रानाची, दुपार पंख्याची, अशी वाटणी केली तर घरधन्यांचीही तक्रार राहणार नाही.

मी या खात्यात बरीच वर्षे शेतावर फिरतो आहे. औषधाच्या नावापेक्षा नजर कमी पडल्याने अधिक नुकसान होताना पाहतो. सोयाबीन पिवळे पडले की पुष्कळजण थेट दुकान गाठतात. पण पिवळे कोठून पडले? खालची जुनी पाने आधी पिवळी झाली, तर नत्राची कमतरता असू शकते. वरची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर आपल्या चुनखडीच्या जमिनीत तो बहुधा लोहाचा प्रश्न असतो. दोन्हींचा उपाय निराळा. पानाची शीर पाहणारा डोळा आणि लाकडाची रेघ पाहणारा डोळा निराळे नाहीत. तुमचा मुलगा तीनदा पुसून चौथ्यांदा करू पाहतो आहे, हा गुण पैशाने मिळत नाही.

एक काम मात्र त्याला जरूर सांगा. गावातल्या म्हाताऱ्या सुताराकडे त्याला पाठवा. आपल्या भागात तिफणीचे चाडे, फण, रुमणे, जू, गाडीचे आरे सारे लाकडाचे होते. आता लोखंडी अवजारे आणि ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले. ते चांगलेच झाले. वेळेवर पेरणी साधते, कष्ट वाचतात. पण त्याबरोबर सुताराच्या पडवीतील गर्दी ओसरली आणि कोणते लाकूड कशाला, कोणत्या बाजूने तासावे, हे विचारायला कोणी येईनासे झाले. ती माहिती पुस्तकात फार थोडी आहे, त्यांच्या हातात आहे. हात थकण्याआधी पोरांनी ती विचारून घ्यावी.

पोराने सागाचा आणि बाभळीचा एकेक तुकडा मागून आणावा, आणि सागाच्या आडव्या कापावरील कडी मोजून पाहावीत. साधारणपणे वर्षाला एक कडे धरतात. चांगल्या पावसाच्या वर्षी ते रुंद पडते, अवर्षणात आखूड राहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सागाच्या अशाच कड्यांवरून जुन्या काळच्या पावसाचा अभ्यास केला आहे. बांधावरचा जुना साग कोणी तोडला असेल, तर त्याच्या बुंध्यावर २०१२ सालच्या दुष्काळाचे कडे शोधून पाहा. त्या साली आपल्या मोसंबीच्या बागा कशा वाळल्या, हे घरातील मोठी माणसे त्याला सांगतील. मग पंख्यावरची रेघ ओढताना ती कशाची रेघ आहे, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही.

पंखा पुरा झाला की ताईंनी जरूर कळवावे. पुढील अंकी पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती गोणपाटावर कशी तपासावी, ते पाहू. त्यासाठी घरच्या बियाण्यातील शंभर दाणे न निवडता, जसे हाती येतील तसे, बाजूला काढून ठेवा.