फुंकणी कारागिराची, नाव कोणाचे?

काचेचा धंदा म्हटला की आमच्या लोकांना फिरोजाबादच्या बांगड्या आठवतात. पण मामलूक काळात मिसर व शाम येथे मशिदींसाठी जे काचेचे कंदील बनत, ते आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवले आहेत. तो हुनर आमच्याच मिल्लतीच्या हातांचा होता.

महाराष्ट्रातही ही कला आली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा केला. लोकमान्य टिळकांच्या पाठबळाने १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना उभा राहिला. जपानहून शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काम शिकवीत. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला व प्रभाकर कंदील घरोघर गेला. कारखानदारांची नावे राहिली. काच फुंकणाऱ्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नाही.

१९६२ साली अमेरिकेत टोलेडो येथे हार्वे लिटलटन व डॉमिनिक लाबिनो यांनी छोटी भट्टी लावून दाखविली. कारखान्याबाहेर, एकटा कारागीरही काच वितळवून फुंकू शकतो, हे सिद्ध झाले. तेथून कारागीर आपल्या मालावर स्वतःचे नाव घालू लागला व किंमतही स्वतः सांगू लागला. डेल चिहुली यांचा १९७६ च्या अपघातात एक डोळा गेला, १९७९ मध्ये खांदा दुखावला. तेव्हापासून ते नमुने काढतात व साथीदार फुंकतात. धंदा थांबला नाही.

आमच्या कापडाच्या बाजारात काय चालते? साडी दुकानाच्या नावाने विकली जाते. विणकराला नगावर मजुरी मिळते आणि तो उचलीत अडकून राहतो. उचल देऊन माणूस बांधून ठेवण्यापेक्षा मुदारबत बरी. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, नफा आधी ठरलेल्या हिश्शाने. कारागिराची कसूर नसताना तोटा आला, तर पैसा भांडवलवाल्याचा जातो व कारागिराची मेहनत. शरीअतने दाखविलेली ही वाट सोडून आम्ही उचलीची वही का धरून बसलो आहोत?

काच वितळविणारी भट्टी रात्रंदिवस तापती ठेवावी लागते, तो खर्च लहान माणसाला झेपणार नाही. पण तयार काचनळी बर्नरच्या ज्योतीवर मऊ करून वळविण्याचे, फुंकण्याचे काम लहानशा खोलीत होते. प्रयोगशाळांची उपकरणे अशीच बनतात व दुरुस्त होतात. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातच राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे, शिवाय कितीतरी महाविद्यालये आहेत. तेथे काचेचे सामान लागतेच.

चार व्यापाऱ्यांनी मिळून दोन होतकरू मुलांना हे काम शिकवून आणावे, बर्नर घेऊन द्यावा, हिस्सा कागदावर लिहावा आणि मालावर त्या मुलांचेच नाव घालावे. हजरत दाऊद (अलै.) स्वतःच्या हाताने चिलखते बनवून रोजी कमवीत. हाताच्या कमाईला इस्लामने एवढी इज्जत दिली आहे. ती बाजारातही मिळावी, हे आम्हा व्यापाऱ्यांच्याच हाती आहे.